थांबेरावांचे तीन आकडे

ऑफिसात त्यांना सगळे थांबेराव म्हणायचे, आणि त्यात खोटं काही नव्हतं. प्रिंटरला कागद सोडला की तो बाहेर पडेपर्यंत हा माणूस समोर हाताची घडी घालून उभा. बायको नर्स. ती सकाळी एकीकडे कुकर लावून, दुसरीकडे फोनवर बोलत वेणी घालायची, आणि हे चहा उकळेपर्यंत पातेल्याकडे टक लावून बघायचे. "अहो, तुम्ही नाही बघितलंत तरी उकळतो तो!" ती म्हणायची.

पंधरा वर्षांपूर्वी त्यांनी रक्तपेढीचा प्रोग्राम लिहिला होता. रुग्णालयं विचारतात, अमुक गटाच्या पिशव्या किती शिल्लक? प्रोग्राम डेटाबेसला विचारून उत्तर देतो. लिहिलाही अगदी स्वतःच्या स्वभावासारखा. प्रत्येक प्रश्नाला एक थ्रेड, म्हणजे एक कामगार समजा. उत्तर मिळेपर्यंत तो जागचा हलत नाही. याला सिंक्रोनस म्हणतात. कामगार दोनशे. दोनशे एकावा प्रश्न आला की बसा रांगेत! रुग्णालयं वाढत गेली तशी रांगही वाढली.

मग वरच्या जागेवर नव्या मॅडम आल्या. एका जागी दोन मिनिटं टिकतील तर शपथ. म्हणाल्या, "हाच प्रोग्राम सिंक्रोनस, असिंक्रोनस आणि रिॲक्टिव्ह अशा तीन पद्धतींनी लिहा आणि तुलना करून गुरुवारी सांगा. नवीन जमत नसेल तर तसं बोला, दुसऱ्या टीमला देऊन टाकू."

झालं! स्वतःच्या हाताने वाढवलेलं काम परक्याकडे जाणार म्हटल्यावर थांबेरावांची पाचावर धारण बसली.

असिंक्रोनस थोडंफार पचलं. कामगार प्रश्न पुढे सोपवतो, दुसऱ्या कामाला लागतो, उत्तर आलं की परत येतो. पण रिॲक्टिव्ह? त्यात म्हणे मोजकेच कामगार, कुणी कुणासाठी थांबायचंच नाही, माहिती येईल तशी पुढे सरकवायची, तीही घेणाऱ्याला झेपेल तेवढीच. तीनदा वाचून डोक्याचा पार भुगा झाला. "अरे, हे असिंक्रोनसच की! मग वेगळं नाव कशाला?" ते स्क्रीनलाच विचारायला लागले. स्क्रीन काय बोलणार, कप्पाळ!

बुधवारी त्यांनी तिन्हींवर एकदम दोन हजार प्रश्न सोडले. सिंक्रोनसला साडेनऊ सेकंद लागले. असिंक्रोनसलाही जवळपास तेवढेच. आणि जिचा एवढा गाजावाजा, त्या रिॲक्टिव्हला चार मिनिटं! थांबेरावांनी चष्मा पुसून आकडा परत वाचला. आनंद व्हायला हवा होता, पण असं का झालं तेच कळेना. तसेच आकडे त्यांनी मॅडमना पाठवून दिले.

गुरुवारी सकाळी ते नेहमीसारखे पातेल्यासमोर उभे. मागून बायको करवादली, "सरका हो! तुमचा चहा होईपर्यंत तुम्ही ओट्यापाशी ठाण मांडणार, आणि माझा डबा, भाजी, दूध, सगळं अडलंय."

थांबेराव सरकले नाहीत. तोंड उघडं टाकून तिच्याकडे बघत राहिले. मग चहा न घेताच निघाले.

ऑफिसात पोचून कोड उघडला. तिन्ही प्रोग्रामच्या पोटात डेटाबेसला विचारायला त्यांनी आपलाच पंधरा वर्षांचा जुना तुकडा डोळे झाकून चिकटवला होता. उत्तर येईपर्यंत ठाण मांडणारा! असिंक्रोनसमध्ये मागे तेच दोनशे जण ताटकळत होते. आणि रिॲक्टिव्हमध्ये कामगार मुळात आठ. आठही ओट्यापाशी उभे, मागे दोन हजार खोळंबलेले. रिॲक्टिव्हची चूक कसली, चूक यांची होती.

तेवढ्यात मॅडम दारात. "आकडे बघितले मी. जुनंच बरं दिसतंय. राहू दे मग तुमच्याकडेच." आणि त्या वळल्यासुद्धा.

नुसती मान हलवायची होती. काम हातात राहणार होतं, कुणाला पत्ताही लागला नसता.

"मॅडम, थांबा," ते म्हणाले. "आकडे चुकीचे आहेत. घोळ माझा आहे. तो कुठे घातलाय ते आत्ताच सापडलं."

"दुरुस्त करायला किती वेळ लागेल?"

"माहीत नाही. मला रिॲक्टिव्ह अजून अर्धंच कळलंय. कदाचित अर्धंही नाही." मग स्वतःच पुढे म्हणाले, "दुसऱ्या टीमला द्यायचं असेल तर… द्या."

मॅडमनी घड्याळाकडे बघितलं. मग थांबेरावांच्या शेजारची खुर्ची ओढून बसल्या.

"दाखवा मला कुठे ते," त्या म्हणाल्या. "सावकाश दाखवा. थांबते मी."