पा इंग आणि टूरिस्टाचे दात

आमच्या गावच्या पुलावर रोज सकाळी गोऱ्यांची जत्रा भरते. चिआंग माईहून व्हॅन येतात, त्यांतून चुरगळलेली माणसं उतरतात, पूल ओलांडून पलीकडे बर्मात जातात आणि तिथला चहासुद्धा न पिता माघारी वळतात. इकडच्या खिडकीवर पासपोर्टात नवा शिक्का पडला की ते आपल्या थायलंडात आत्ताच आलेले पाहुणे. शिक्क्याची मुदत संपत आली की पुन्हा व्हॅन, पुन्हा पूल, पुन्हा नवे पाहुणे. यांतल्या कितीतरी जणांचे केस याच पुलावर पिकले. काहींची इथे लग्नं झाली, मोडली, पुन्हा झाली. कागदोपत्री मात्र सगळे देवळं बघायला आलेले.

मी पुलाच्या तोंडाशी गरम वाळूत चेस्टनट भाजतो. माझ्या कढईला लागूनच पा इंगची गाडी. पा म्हणजे मावशी, आणि ही साऱ्या पुलाची मावशी. शान लोकांचं तोफू विकते. हरभऱ्याच्या पिठाचं गरम, दाटसर पिठलं तांदळाच्या शेवयांवर ओतायचं, वर शेंगदाण्याचा कूट, तिखट तेल आणि मोहरीच्या पाल्याचं लोणचं. काय हवं, किती हवं असलं ती कोणाला विचारत नाही. वाडगा समोर आदळते आणि माणूस संपवतो की नाही ते बघत उभी राहते. उघड्या अंगाने आलेल्या गोऱ्याला ती सदरा घातल्याशिवाय बाकावर बसू देत नाही. एकाने पोटरीवर बुद्धाचं चित्र गोंदवून घेतलं होतं. पा म्हणाली, "देवाला पायावर बसवलंस, आता तुला मी कुठे बसवू?" आणि त्याला उभ्यानेच खायला लावलं.

अशी ही बाई सरकारदरबारी कोणीच नव्हती. जन्म याच गावातला, नदीच्या याच काठावर, भाताच्या गिरणीमागच्या झोपडीत. पण आईबाप बर्माच्या डोंगरातून आलेले शान. पोर जन्मलं की कचेरीत जाऊन सांगायचं असतं हे त्यांना कोणी सांगितलंच नाही. मग सरकारने तिला एक रंगीत कार्ड दिलं. त्याचा अर्थ एवढाच, की इथे राहा, पण विचारल्याशिवाय जिल्ह्याबाहेर पाऊल टाकू नकोस. तिची मुलगी ओरा लग्न करून चिआंग माईला गेली. तिथे नातू झाला, रांगला, चालायला लागला. चिआंग माईच्या व्हॅन पा इंगच्या गाडीसमोरूनच सुटतात. हायवेवरच्या नाक्यावर पोलीस आत डोकावतात, गोरे चेहरे दिसले की हसून हात हलवतात. पा व्हॅनमध्ये असती तर तिला उतरवून घेतलं असतं.

"परवानगी माग ना," मी म्हणायचो. "देतात कधीकधी."

"नातवाचा मुका घ्यायला साहेबाकडे अर्ज करू? नागरिकाचं कार्ड घेईन आणि जाईन. तोवर तू तुझे चेस्टनट जाळ."

आता त्या दातवाल्याबद्दल सांगतो. त्याचं नाव नॉर्बर्ट. आम्ही त्याला लुंग नोब म्हणायचो, म्हणजे नोबकाका. ऑस्ट्रियाचा. चिआंग माईत त्याचं घर, अंगणात लिचीसारख्या लाँगनची झाडं, बायको नावाची एक बाई आणि तिची कुत्री. आमच्या उत्तरेकडच्या बोलीत तो अशा शिव्या द्यायचा की व्हॅनवाले शिकायला जवळ उभे राहायचे. पुलावर येणाऱ्यांत सगळ्यांत जुना टूरिस्ट तो. आला की आधी पा इंगकडे तोफू, मग शिक्का. त्याच्या कवळीने हिरड्या टोचायच्या, आणि तोफूला दात लागत नाहीत, म्हणून तो कवळी काढून रुमालात ठेवायचा आणि डोळे मिटून खायचा.

एकदा भर पावसाळ्यात तो खाऊन पुलावर गेला आणि रुमाल बाकावरच राहिला.

"तुई, हे बघ," पा मला म्हणाली. "म्हातारा दात विसरून गेला."

"राहू दे की. शिक्का घेऊन येईलच."

"आज तो तिकडे मुक्कामाला आहे. मित्राकडे डुक्कर भाजलंय म्हणत होता. हिरड्यांनी खाणार का?"

आणि निघाली. पुलावरचा शिपाई तिच्या हातचं खाऊन पोसलेला. "लवकर ये पा," म्हणाला आणि सोडलं. तिने पलीकडच्या बाजारात नोबला गाठलं, रुमाल दिला, वर दोन शब्द सुनावले. परत येते तर आपला शिपाई घरी गेलेला आणि त्याच्या जागी नवाच कोणी. तो कागद मागायला लागला. कार्ड दाखवावं तर विचारल्याशिवाय देश सोडला म्हणून तेच जप्त व्हायचं.

दुसरं कोणी असतं तर पुलाखालून टायरच्या ट्यूबवर बसून नदीतून आलं असतं. आमच्याकडे भाचरं मामाकडे तशीच येतात. पण पा इंग ताठ मानेची. "माझ्या घरी यायला मी चोरासारखी ट्यूबवर बसू?" तिला कोणीतरी सांगितलं की तिकडच्या कचेरीत एका दिवसाचा पास मिळतो. तो तिकडच्या लोकांसाठी असतो, बाजार करायला इकडे यावं आणि संध्याकाळी परतावं म्हणून. हिने रांगेत उभं राहून तो घेतला, आपल्या खिडकीवर अंगठा दिला आणि पुलाच्या मधोमध चालत घरी आली. "बघ तुई, रीतसर आले," असं मला चार दिवस ऐकवत होती. मीही मूर्ख. वा वा म्हणालो.

पुढे काही वर्षांनी सरकारला पाझर फुटला. इथेच जन्मलेल्या म्हाताऱ्या माणसांना नागरिक करून घेणार असं ठरलं. पा इंगने नवी लुंगी नेसली, गिरणीवाल्याला साक्षीला घेतलं, मला घेतलं आणि कचेरीत गेली. साहेब तरुण होता, मऊ बोलायचा. त्याने पा इंगचा अंगठा यंत्रावर ठेवला आणि बराच वेळ पडद्याकडे बघत राहिला.

"पा, तुम्ही तर तिकडच्या आहात. एका दिवसासाठी आलात आणि परत गेलाच नाहीत. तुमची मुदत संपून वर्षं झाली."

"मी परत कशी जाणार? मी आलेच नव्हते."

मग तिने दातांची गोष्ट सांगितली. कचेरीतले कारकून हसू दाबत होते, साहेब मात्र हसला नाही. "तुम्हाला पलीकडे बघितलंय ते त्या गृहस्थाने, या साक्षीदारांनी नाही. त्याला आणा. बाई इथलीच, माझे दात द्यायला आली होती, एवढं त्याने सांगितलं तरी मी अर्ज पुढे पाठवतो."

आम्हाला वाटलं, काम झालं. नोब पुढच्या खेपेला आला तेव्हा पा इंगने वाडगा ठेवता ठेवता त्याला सांगितलं. त्याच्या डोळ्यांत पाणी आलं. "पा, तू मला आईसारखी. येणार म्हणजे येणार." आणि खरंच आला. दाढी करून, इस्त्रीचा सदरा घालून, तोंडात दात बसवून. मला वाटलं, माणूस भला आहे, उगाच आपण याची टिंगल करतो.

साहेबाने नमस्कार केला आणि रिवाजाप्रमाणे पासपोर्ट मागितला. पानं उलटली. सगळीकडे शिक्केच शिक्के.

"आपण या बाईंना केव्हापासून ओळखता?"

नोबने तोंड उघडलं. साहेबाच्या हातातल्या पासपोर्टाकडे बघितलं आणि मिटलं.

"म्हणजे," साहेब आणखी मऊपणे म्हणाला, "आपण बरीच वर्षं इथेच राहता का? कारण इथे तर टूरिस्ट लिहिलंय."

मी नोबकडे बघत होतो. त्याच्या डोक्यात काय चाललं होतं ते मला स्पष्ट दिसत होतं. घर, लाँगनची झाडं, ती बाई, ती कुत्री. खरं बोलला तर पुढच्या खेपेला खिडकीवर शिक्का मिळणार नाही. आणि आमच्या बोलीत व्हॅनवाल्यांना शिव्या शिकवणारा तो माणूस एकदम कालच विमानातून उतरल्यासारखं मोडकंतोडकं बोलायला लागला.

"मी टूरिस्ट. देवळं बघतो. खूप सुंदर देश."

"आणि या बाई?"

"इथे पुष्कळ बायका शेवया विकतात," नोब म्हणाला. पा इंगकडे त्याने बघितलंही नाही.

अर्ज तिथेच बंद झाला. बाहेर आल्यावर मी तोंडाला येईल ते बोललो. गोऱ्याला कढईत घालून वाळूत भाजायची भाषा केली, आणि ती मनापासून केली. आपल्या घरासाठी दुसऱ्याचं घर बुडवणारा माणूस मला कुत्र्याहून हलका वाटला, अजूनही वाटतो. गिरणीपाशी आल्यावर पा एवढंच म्हणाली, "ओराला कळवू नकोस. पोराचा वाढदिवस आहे, येईन म्हणून सांगितलंय मी."

तुम्हाला वाटेल, नोब पुन्हा तोंड दाखवणार नाही. पण पूल एकच आहे आणि मुदत कोणासाठी थांबत नाही. तो आला. आधी लांब उभा राहिला, मग वास आला असेल, हळूच बाकाच्या टोकाला टेकला. पा इंगने नेहमीसारखा वाडगा आदळला. त्याने सवयीने कवळी काढून रुमालात ठेवली, खाली मान घालून भराभर खाल्लं आणि पळाल्यासारखा पुलावर गेला. रुमाल बाकावरच.

"पा," मी म्हणालो, "नदीत टाक."

तिने रुमाल उचलला, घडी नीट केली आणि निघाली. मी कढई सोडून मागे धावलो. पण ती पुलाच्या पिवळ्या रेघेपर्यंतच गेली. रेघेला पाय न लावता उभी राहिली, दोन्ही हातांत रुमाल धरून, उन्हात. शिपाई म्हणाला, "जा पा, देऊन ये." ती हलली नाही.

पलीकडून गोऱ्यांची रांग परतली. खिडकीवर एकेकाचा शिक्का पडला. नोबचाही पडला. तो या बाजूला आला आणि समोर पा. मागे रांग, पुढे पा, बाजूने निसटायला जागा नाही. पा इंगने रुमाल पुढे केला, पण हातातून सोडला नाही. आणि हॉटेलातल्या मुली बोलतात तशा गोड आवाजात, साऱ्या रांगेला ऐकू जाईल असं विचारलं,

"साहेब, आमच्या देशात पहिल्यांदाच आलात का?"

नोबने तोंडावर हात धरला. गाल आत गेलेले, डोळे खाली. शिपाई त्याच्याकडे बघत होता, खिडकीतला बाबूही मान बाहेर काढून बघत होता. नोबने मान हलवली. हो.

"मग नदी बघून जा," पा म्हणाली. "इथून फार छान दिसते."

तिने दात त्याच्या हातावर ठेवले आणि तोफू खाली लागेल म्हणून गाडीकडे वळली. चिआंग माईची व्हॅन भरत आली होती. नोब तिच्यात चढला.