नवाच्या ताळ्याचा भरवसा

माझा स्वभाव मुळातच संशयी. विहिरीवर भरलेली घागर ठेवून दोन पावलं लांब गेले, तरी परत आल्यावर आधी पाणी किती आहे ते बघायची. आई म्हणायची, "हिच्या नवऱ्याचं काय खरं न्हाई." सगळे हसायचे. मला त्यात हसण्यासारखं काही दिसायचं नाही.

तळवड्यात आमच्या घराच्या मागच्या दोन खोल्यांत कोकणातून आलेलं एक कुटुंब राहायला आलं. पिंपरीला नवा कारखाना उभा राहत होता, तिथं वडील कामाला लागले होते, सायकलवरून जायचे-यायचे. त्यांची मुलगी माझ्याच वयाची. सातवीच्या वर्गात मुली आम्ही दोघीच, आणि दोघी फायनलला बसणार होतो. फायनल म्हणजे सरकारी परीक्षा, सगळ्या शाळांना एकच पेपर. ती पास झालं की ट्रेनिंगला जाऊन मास्तरीण होता यायचं. मी नापास झाले असते तर आबा म्हणाले असते, बस पुढल्या वर्षी. तिचं तसं नव्हतं. तिच्यासाठी गावाकडं स्थळ बघून ठेवलं होतं. पास झाली तर ट्रेनिंग, नाही तर मे महिन्यात लग्न. हे तिनंच मला सांगितलं, ओट्यावर तांदूळ निवडता निवडता. मला वाटलं, ही हे मला का सांगतेय? हिला माझ्याकडून काय हवंय?

गणितात आमचे मास्तर भागाकार-बाकीच्या उदाहरणांवर फार जोर द्यायचे. अमक्यानं भागलं तर बाकी किती, तमक्यानं नि:शेष भाग जातो का, हमखास येणारच म्हणायचे. एकदा त्यांनी फळ्यावर लिहिलं, ९१७४. अकरानं भाग जातो का? मी पाटीवर भागाकार मांडायला घेतला, तोवर ती म्हणाली, "जातो." पेन्सिलीला हातसुद्धा लावला नव्हता बयेनं. मी शेवटपर्यंत भागून बघितलं. आठशे चौतीस, बाकी शून्य. मास्तरांनी शाबासकी दिली. एक अंक सोडून एक अंक मिळवायचे, दोन बेरजांतला फरक बघायचा, अशी काहीतरी तिची कसोटी होती. ती मला शिकवायला आली तर मी म्हटलं, नको. नक्की हिनं हे उदाहरण आधी कुठंतरी बघितलेलं असणार. त्या दिवसापासून मी माझी वही तिच्यासमोर उघडायची बंद केली.

माझा भरवसा एकाच गोष्टीवर, नवाच्या ताळ्यावर. आमच्याकडं आबांपासून सगळे तोच घ्यायचे. संख्येतले अंक मिळवत जायचे, शेवटी एकच अंक उरतो. उदाहरणाचा आणि उत्तराचा अंक जुळला की झालं, उत्तर बरोबर. ताळा जमला की मी पुन्हा म्हणून त्या उदाहरणाकडं बघायची नाही.

परीक्षेचं केंद्र चिंचवडला होतं. मास्तर आम्हाला बैलगाडीतून घेऊन गेले. गणिताच्या पेपराला ती माझ्या शेजारच्याच बाकावर. आलंच तसलं उदाहरण: अशी लहानात लहान संख्या सांगा, की तिला बारा, पंधरा आणि अठरा यांनी भागलं तर दर वेळी बाकी सात उरते. मी लसावि तोंडी काढला, एकशे ऐंशी. त्यात सात मिळवले, उत्तर लिहिलं, ताळा घेतला. सात. जमला! मान वर केली तर ती सरळ माझ्या पेपराकडं बघत होती. "अगो," ती कुजबुजली आणि बोट पुढं केलं.

माझ्या अंगाचा तिळपापड झाला. मी उभीच राहिले. "गुरुजी, ही माझ्यातलं बघतेय!"

काळ्या टोपीचे पर्यवेक्षक आले. दोघींचे पेपर शेजारी-शेजारी धरले. माझं उत्तर १७८, तिचं १८७. ते ताळा घेत पुटपुटले, "एक नि सात आठ, आठ नि आठ सोळा, सात. हिचाही सातच. म्हणजे बघूनच उचललंय, घाईत आकडे उलटे पडलेत." ती काकुळतीनं सांगत होती, माझं बरोबर आहे, भागून बघा. कोण भागतंय! त्यांनी तिच्या उदाहरणावर लाल पेन्सिलीनं रेघ ओढली आणि तिला दाराजवळ जमिनीवर बसवलं. पेपर परत मिळाला तो शेवटची घंटा व्हायच्या जरा आधी. मी मनात म्हटलं, बरी खोड मोडली.

पेपराच्या वेळी झालेलं मास्तरांच्या कानावर गेलं होतं. परतीच्या वाटेवर गाडीत त्यांनी मला उत्तरं विचारली. एकशे अठ्ठ्याहत्तर म्हटल्यावर त्यांनी माझ्याकडं बघितलं. "बारानं भाग." मी बोटांवर भागलं. बारा चौदे एकशे अडुसष्ट, बाकी दहा. दहा! सात हवे होते. तोंडानं सत्त्याऐंशी म्हणताना हातानं सात आधी टाकला होता, आणि आकड्यांची जागा बदलली तरी बेरीज तीच, म्हणून ताळ्याला पत्ता लागला नव्हता. ती गाडीच्या मागच्या टोकाला पदरात तोंड घालून बसली होती.

मास्तर हळू आवाजात म्हणाले, "उद्या दुसरा पेपर आहे. तू माझ्याबरोबर त्या गुरुजींकडं चल. माझं उत्तर चूक होतं, तिनं उचललेलं नाही, एवढं सांग. मी पुढचं बघतो."

आपलाही पेपर काढून घेतील, अशी मला भीती वाटली. आणि कुठंतरी असंही वाटलं, की मास्तर तिच्याच बाजूचे आहेत. मी म्हणाले, "मी काय लिवलं ते मला नक्की आठवत न्हाई." मास्तरांनी मान फिरवली.

निकाल आला. मी पास. तिचा नंबर यादीत नव्हता, गणितात गेली होती. तिच्या घरात रडारड झाली नाही, नुसती बांधाबांध सुरू झाली. मला इतकी लाज वाटत होती, की मी मागच्या दारानं जायचंच सोडलं.

निघायच्या दिवशी सकाळी ती आमच्या ओट्यावर आली. माझ्याकडं न बघता म्हणाली, "मी बघत होतेच गो तुझ्या पेपरात. तुझे आकडे उलटे पडले होते. तेच दाखवणार होते तुला."

खोटं कशाला बोलू? त्या क्षणीसुद्धा माझ्या मनात पहिल्यांदा हेच आलं, की हे ही आता रचून सांगतेय. ती जरा वेळ उभी राहिली, मी काही बोलेन म्हणून. मग तिच्या आईनं हाक मारली आणि ती गेली.