म्हैस काळीच छापली

राजारामपुरीत आमचं फ्लेक्सचं दुकान आहे. नवरा मशीन सांभाळतो, मी कॉम्प्युटरवर डिझाइन करते. वाढदिवस, निवड, अभिनंदन, भावपूर्ण श्रद्धांजली, सगळं माझ्या हातून जातं. गिऱ्हाईक खुर्ची ओढून शेजारी बसतं आणि न चुकता सांगतं, "वहिनी, फोटो जरा उजळ करा की." मी उजळ करते. कोल्हापूरच्या चौकाचौकांत हात जोडून उभी असलेली जी गोरीपान माणसं दिसतात, त्यातली बरीच मी गोरी केलेली आहेत.

एक दिवस साठीच्या पुढच्या एक बाई बॅनर करायला आल्या. सुती साडी, खांद्याला कापडी पिशवी. जवळच्या वाचनालयात दर रविवारी एक वर्ग सुरू होणार होता, मुलांसाठी पुस्तकं लिहायचा आणि त्यांची चित्रं काढायचा. त्याचा बॅनर. मी पुस्तक वाचणारा एक मुलगा काढला. बाईंनी चष्मा वर करून पडद्याकडे बघितलं.

"ह्याचे गाल टोमॅटोसारखे का आहेत?"

"लहान मुलाचे असेच काढतात ना," मी म्हटलं.

"कोण काढतं?"

शाळेत असताना मी चित्रकलेच्या सरकारी परीक्षा दिल्या होत्या, चांगली श्रेणी मिळाली होती. तेव्हा मी समोरचं बघून काढायची. नंतर कधीतरी बघायचं बंद झालं आणि नुसतं काढायचं राहिलं. बाई बॅनर घेऊन निघाल्या आणि पायरीवरून वळून म्हणाल्या, "हात चांगला आहे तुमचा. या रविवारी."

मी गेले.

वर्गात पहिलंच काम मिळालं ते एक गोष्ट लिहून आणायचं. मला लांब जायला लागलं नाही. आमच्या दुकानामागं गवळ्यांचे गोठे आहेत. दिवाळीच्या पाडव्याला आमच्याकडं म्हशी सजवतात. शिंगं रंगवतात, गळ्यात घुंगरं, कपाळावर मोरपिसं. मग सायलेन्सर काढलेली मोटारसायकल फडफडत पुढं सुटते आणि म्हैस आपल्या मालकाच्या मागं धावत जाते. बघायला सगळं गाव लोटतं. मी त्यावरच लिहिलं. एका मुलीची म्हैस गाडीमागं पळत नाही. मुलगी तिला माया लावते, मग म्हैस पळते, पहिला नंबर येतो, हार घातला जातो. आणि खाली सुंदर अक्षरात तात्पर्य: मुक्या प्राण्यांवर प्रेम करावं.

बाईंनी ती सगळ्यांसमोर मोठ्यानं वाचली. शेवटाला आल्यावर थांबल्या.

"हा नंबर म्हशीला हवा होता, की तुम्हाला?"

वर्गात हशा झाला. मीही हसले, पण कान तापले होते.

"ती पळत का नाही?" त्यांनी विचारलं.

"घाबरते."

"कशाला?"

"त्या सायलेन्सरच्या आवाजाला."

"मग तो आवाज कुठाय गोष्टीत? मला तो ऐकायचाय. तात्पर्य खोडा आणि आवाज लिहा."

मी लिहिला. मुलगी बाजूला ठेवली आणि म्हशीच्या कानानं ऐकायला लागले. फाड्फाड्फाड्फाड् असं एक अख्खं पान भरलं. दुसऱ्या पानावर पळून गेलेल्या म्हशीची नुसती शेपटी. बाई कागद दुमडून त्याची छोटी वही करायला लावायच्या आणि म्हणायच्या, "पान उलटायला मुलाला कारण द्या. जे कळायचंय ते पलीकडच्या पानावर ठेवा." हे इतकं साधं वाक्य, पण मला ते कळायला पावसाळा संपला. शेवटी गोष्ट अशी झाली: पाडव्याला सगळ्या म्हशी गाड्यांमागं पळतात, ही एकटी अंग चोरून उभी. मग मुलगी गाडीवरून उतरते आणि स्वतःच पुढं पळायला लागते, तोंडानं हळूच हाक मारत. म्हैस तिच्यामागं निघते. नंबर नाही, हार नाही. दोघी पळत पळत नदीत शिरतात.

नवऱ्याला वाचून दाखवलं. तो शाई भरत होता. मुलगी म्हशीला म्हणते, 'ये माझ्या लाडके, भिऊ नकोस', इथं त्यानं हात वर केला.

"असं कोण बोलतंय? आमच्यात पोरगी म्हणंल, 'चल गं बये, मी हाय की.'"

ते वाक्य तसंच्या तसं पुस्तकात आहे.

चित्रांचं मात्र अवघड झालं. माझी पहिली म्हैस फिकट राखाडी होती. तिला लांब पापण्या होत्या, ओठांवर हसू होतं आणि पाठीवर फ्लेक्सवर असते तशी चकाकी. नवरा मशीन सोडून बघायला आला.

"ही म्हैस न्हाय," तो म्हणाला. "ही ब्युटी पार्लरमधनं आलेली गाय हाय."

मी चिडले. पण दुसऱ्या दिवशी सकाळी दुकान उघडायच्या आधी कागद घेऊन मागच्या गोठ्यात गेले. तिथल्या गवळी मावशी धार काढत होत्या. मी चित्र काढायला आलेय म्हटल्यावर त्यांनी कासेवरचा हात न थांबवता मला वरून खालपर्यंत बघितलं.

"काढा की. पर मागं हुबं राहू नका, लाथ बसंल."

मी रोज जायला लागले. म्हैस काळी असते हे आपण म्हणतो, पण सकाळचं ऊन तिरकं आलं की तिच्या पाठीवर निळं दिसतं. पोटाखाली जांभळट. कानाच्या आत गुलाबी, गुडघ्यावर वाळलेल्या चिखलाचा करडा. आणि या सगळ्यांनी मिळून ती काळीच दिसते. मी पेन्सिल सोडली, ब्रश आणि शाई घेतली. कागदामागून कागद वाया गेले. एकदा कागदावर म्हैस डबक्यातून उठल्यासारखी धष्टपुष्ट आली आणि मावशी शेजारच्या बाईला हाक मारून म्हणाल्या, "ये गं, ही बघ आमची थोरली!" थोरली म्हणजे त्यांची सगळ्यात मोठी म्हैस. त्या एवढ्या कळपातून त्यांनी तिला ओळखलं होतं. घरी येऊन मी नाचायचंच तेवढं बाकी ठेवलं.

सगळी पानं तयार झाली. बाईंच्या सांगण्यावरून पुण्याच्या एका प्रकाशकांना पाठवली. पुढचा पावसाळा लागेपर्यंत काहीच कळलं नाही. मग एका दुपारी फोन आला, तेव्हा शेजारी एक गिऱ्हाईक बसलं होतं आणि पडद्यावर त्याचा फोटो होता.

"गोष्ट आवडली," प्रकाशक गोड आवाजात म्हणाले. "करू आपण. फक्त एक अडचण आहे. लहान मुलांच्या पुस्तकात इतका काळा रंग चालत नाही हो. पालक उचलत नाहीत. म्हैस जरा उजळ करता येईल का?"

मी पडद्याकडे बघितलं. पंधरा-सोळा वर्षं हे वाक्य ऐकतेय आणि एकदाही नाही म्हटलेलं नाही.

"नाही," मी म्हटलं. "म्हैस काळीच राहील."

"विचार करून सांगा. घाई नाही."

"विचार करूनच काढलीय."

फोन ठेवला. नवऱ्यानं मशीन बंद केलं होतं.

"बरं केलंस," तो म्हणाला. मग डोकं खाजवून, "पर आता काय?"

आठवडाभर माझा जीव थाऱ्यावर नव्हता. प्रकाशकांचंच बरोबर असलं तर? मुलं खरंच घाबरली तर? ते बघायचं तर मुलांनाच दाखवायला पाहिजे होतं. माझी धाकटी बहीण चंदगडकडच्या एका खेड्यात शिक्षिका आहे. तिला फोन केला. ती म्हणाली, "ये. पण पुस्तक एक आणि पोरं वर्गभर, मागच्यांना दिसणार कसं?"

आमच्याकडं दुसरं काय नसलं तरी मोठं छापायचं मशीन आहे. आम्ही सगळी पानं फ्लेक्सवर छापली, प्रत्येक पान दाराएवढं. नवऱ्यानं वरच्या कडेला रिंगा ठोकल्या आणि सगळी दोरीत ओवली. ती भलीमोठी गुंडाळी घेऊन मी एसटीत बसले. कंडक्टरनं विचारलं, कुठल्या पुढाऱ्याचा वाढदिवस? मी म्हटलं, म्हशीचा. तो हसून पुढं गेला.

शाळेत पोचले तेव्हा पाऊस असा की पत्र्याच्या आवाजात बोललेलं ऐकू येत नव्हतं. बहिणीनं फळ्यासमोर एक बांबू आडवा बांधला, त्यावर पुस्तक लटकवलं. मी मोठ्यानं वाचायला लागले. सायलेन्सरचं पान आल्यावर मी फाड्फाड् म्हणायच्या आत अख्ख्या वर्गानंच आवाज काढला आणि शेजारच्या वर्गातली मुलं दारात जमली. पुढच्या पानावर नुसती शेपटी, तिथं इतका हशा झाला की मला थांबावं लागलं. मग आलं ते पान, ज्याची मला धास्ती होती. सगळं पान काळं. म्हशीचं तोंड अगदी जवळून, आणि त्या काळ्यात तिचा एक डोळा.

पावसाचाच आवाज. मला वाटलं, झालं. मग पहिल्या रांगेतली एक मुलगी उठली, पुढं आली आणि त्या काळ्यावर तिनं अख्खा तळवा ठेवला.

"आमच्या म्हशीगत हाय," ती मागं वळून सगळ्यांना म्हणाली. "भ्यालीया ती."

डोळ्यात भीती आहे हे मी कुठंही लिहिलं नव्हतं. ते नुसतं काढलं होतं, आणि पोरीनं वाचलं होतं.

पुस्तक संपल्यावर वर्गानं एकच गलका केला, "परत! परत!" मी परत वाचलं. मग शेजारच्या वर्गासाठी आणखी एकदा. घसा बसला. परतीच्या गाडीत खिडकीला डोकं टेकून मी एकटीच हसत होते.

आल्याबरोबर नवऱ्याला सांगितलं, "आपणच काढायचं पुस्तक." त्यानं मान डोलावली, जणू त्याचं आधीच ठरलं होतं. बाईंनी भाषेवरून शेवटचा हात फिरवला. पुस्तकाला लागणारा आयएसबीएन नंबर घरबसल्या अर्ज करून मिळतो हे मला तेव्हाच कळलं. उद्यमनगरातल्या ओळखीच्या प्रेसवर छपाई ठरली आणि नमुन्याचा पहिला कागद बाहेर आला. म्हैस धुऊन वाळत घातल्यासारखी करडी.

हे मात्र माझ्या रोजच्या कामातलं होतं. नुसती काळी शाई कागदावर फिकी पडते, तिच्याखाली दुसरा रंग लागतो.

"काळ्याखाली निळा वाढवा," मी मशीनवरच्या माणसाला म्हटलं.

"वहिनी, शाई जास्त झाली तर कागद वाळत न्हाय. एकाचा डाग दुसऱ्याला लागतोय."

"मग थोडाच वाढवा. आणि कागद थोडे थोडे काढून वेगळे ठेवू. मी थांबते."

मी दिवसभर थांबले. तो वाढवायचा, मी बघायची, पुन्हा थांबवायची. प्रेसचा मालक दोनदा येऊन कपाळावर आठ्या घालून गेला. आणि मग एक कागद आला तो आम्ही दोघांनी एकदमच उचलला. म्हशीची पाठ ओली दिसत होती, तिच्यात निळं होतं, आणि ती काळीकुट्ट होती. मशीनवरचा माणूस कागद उजेडाकडं धरून उभा राहिला. मग म्हणाला, "हिला हात लावावासा वाटतोय की."

पाडव्याला आम्ही म्हशी निघतात त्या रस्त्याच्या कडेला टेबल मांडलं. गवळी मावशींनी आमच्या नकळत थोरलीला सजवून टेबलाशेजारी आणून बांधली, आणि येणाऱ्या-जाणाऱ्याला ओरडून सांगायला लागल्या, "आमच्या म्हशीचं पुस्तक आलंय, बघा तर!" एका मुलानं बापाच्या खांद्यावरून खाली उडी घेतली आणि पुस्तक छातीशी धरलं. बाप म्हणाला, ठेव ते. पोरगं ठेवेना. त्याच्यामागून दुसरं आलं, मग एक कॉलेजातली पोरगी आली, तिनं उभ्या उभ्या सगळं वाचलं आणि दोन घेतली. शिरोळहून म्हशी बघायला आलेलं एक कुटुंब त्यांच्या गावच्या शाळेसाठी गठ्ठाच घेऊन गेलं. ऊन कलायच्या आत टेबल रिकामं. बाई सगळ्यात शेवटी आल्या. त्यांच्यासाठी एक प्रत मी पदराखाली झाकून ठेवली होती. त्यांनी ती पहिल्या पानापासून वाचली, गर्दीचे धक्के खात. काळ्या पानावर थांबल्या, माझ्याकडं बघितलं आणि नुसती मान डोलावली. त्यांच्याकडून एवढं मिळणं म्हणजे काय, ते वर्गातल्या कुणालाही विचारा.

थंडी सरता सरता पुण्याच्या प्रकाशकांचा पुन्हा फोन आला. त्यांच्या हातात कुणीतरी पुस्तक दिलं होतं. पुढची आवृत्ती त्यांना काढायची होती.

"म्हैस?" मी विचारलं.

"आहे तशी," ते म्हणाले. "काळीच."

त्या संध्याकाळी आम्ही दुकान लवकर बंद करून रंकाळा तलावावर गेलो. भेळवाला चिरमुऱ्यात कांदा मिसळत होता. नवऱ्यानं दहा गाड्यांपर्यंत ऐकू जाईल अशा आवाजात त्याला सांगितलं, "पावणं, ही पुस्तक लिहिती, म्हाईत हाय का? चित्रंबी हिचीच!"

"अहो, हळू!" मी म्हटलं.

"हळू कशाला? कसलं पुस्तक?" भेळवाल्यानं विचारलं.

"म्हशीचं."

त्यानं हातातलं पातेलं खाली ठेवलं. "मग आमच्या पोरीला एक आणा की, वहिनी."

मी ओढणीनं हात पुसले आणि पर्समध्ये ठेवलेली प्रत काढून त्याच्या हातात दिली.