पंधरावा दिवस

माझ्या भाऊजींना, म्हणजे थोरल्या बहिणीच्या नवऱ्याला, पलटणीत सगळे 'तीनप्रती' म्हणायचे. कुठलाही कागद ते तीन प्रतींत टाइप करत: एक साहेबांना, एक फायलीला आणि एक 'असावी जवळ' म्हणून. मी त्यांना तोंडावर भाऊजीच म्हणतो. मनात काय काय म्हटलंय ते इथे लिहिण्याजोगं नाही.

या माणसाला एकोणीस वर्षांपूर्वी लष्करातून गैरवर्तनाबद्दल काढून टाकलं. गैरवर्तन म्हटलं की लोकांच्या डोळ्यांपुढे दारूची बाटली येते, नाहीतर फुटलेलं डोकं. भाऊजी तर दारसुद्धा असं लावतात की आत आले की बाहेर गेले हे घरच्यांना कळत नाही. त्यांचं गैरवर्तन एवढंच की बायको बाळंत होणार म्हणून ते घरी आले.

झालं असं. त्यांच्या पलटणीत रजेच्या अर्जांचा गठ्ठा साहेबांपुढे शनिवारी सकाळी जायचा. पण माणसं शुक्रवारी संध्याकाळीच निघायची. सही होणारच, हे सगळ्यांनी धरून ठेवलेलं. गठ्ठा लावायचं काम कारकुनाचं, म्हणजे भाऊजींचं. आणि स्वतःचा अर्ज वर ठेवणं बरं दिसत नाही म्हणून त्यांनी तो सगळ्यांत खाली ठेवला. शनिवारी सह्या चालू असतानाच साहेबांना कुठल्याशा बैठकीचं बोलावणं आलं आणि तळाचे तीन अर्ज तसेच राहिले. त्यातले दोघे बराकीतच होते, त्यांचं काही बिघडलं नाही. तिसरे भाऊजी तोवर ताईच्या उशाशी येऊन बसले होते. सोमवारी नेमकी वरून तपासणी आली, आणि कारकून बेपत्ता!

चौदा दिवसांत परत जायचं असं ठरवून ते आले होते. पण भाचीला जन्मतःच कावीळ झाली. तेराव्या दिवशी ती डोळे उघडेना, तेव्हा भाऊजी आणखी एक दिवस थांबले. पंधरा दिवस झाले. आणि लष्कराच्या नियमांच्या पुस्तकात चौदा आणि पंधरा यांच्यामध्ये एक रेघ आहे. विनारजा चौदा दिवसांपर्यंतची गैरहजेरी कलम नऊमध्ये येते: सक्त ताकीद आणि चौदा दिवस बराकीबाहेर पडायचं नाही. त्यापुढे एक दिवस जरी झाला तरी कलम बारा: गैरवर्तन, आणि घरी.

त्यांच्या बडतर्फीचा आदेश त्यांनीच टाइप केला. पलटणीत टाइप येणारं दुसरं कोणी नव्हतं. तीन प्रती काढल्या, साहेबांची सही घेतली, जावक नोंदवहीत नोंद केली, 'एक प्रत मिळाली' म्हणून स्वतःच सही केली आणि ट्रंक उचलून घरी आले. नाकासमोर चालणाऱ्या माणसाची ही गत.

तेव्हापासून आमच्या ताईचा दिवस साहेबांच्या नावानं उगवायचा. कणीक मळताना मुठीखाली जे काही असायचं ते कणीक नसायचं, साहेब असायचा. "एका दिवसापायी माझ्या संसाराचं वाटोळं केलं मेल्यानं!" भाऊजी पेपरात डोकं घालून बसायचे. मला वाटायचं, बिचारे दुःख गिळतायत.

मी वकील. फार मोठा नाही, पण पाटी आहे. बहिणीचा नवरा घरी बसलाय म्हणून मी त्यांना माझ्या कचेरीत पुढच्या खोलीत बसवलं. उपकार केल्याच्या थाटात बसवलं, हेही कबूल करतो. वर्षभरात कचेरी त्यांची झाली आणि मी तिथला सही करणारा झालो. मी मसुदा खरडायचा, ते टाइप करायचे, आणि माझ्या मसुद्यात चुकीचं कलम असलं तर गुपचूप बरोबर घालायचे. मी वाचायचो नाही. गरजच पडायची नाही.

हळूहळू लष्करातून काढलेली माणसं त्यांच्याकडे यायला लागली. स्वयंपाकी, ड्रायव्हर, एक बँडवाला. भाऊजी त्यांचे कागद बघायचे आणि चहा निवायच्या आत सांगायचे, "नोटीस सात दिवसांची हवी होती, सहाचीच दिलीय." त्यांच्या हातचे एकोणचाळीस अर्ज गेले, चौतीस जिंकले. पेढे मला मिळाले, कारण सही माझी. स्वतःच्या अपिलाचं मात्र घोडं अडलेलं. दोनदा मी दाखल केलं, दोनदा आपटलं. दोन्ही वेळा अपील ऐकणाऱ्या मंडळानं लिहिलं: 'आदेशात कोणतीही त्रुटी आढळत नाही.' हे वाचून भाऊजींच्या चेहऱ्यावर जे यायचं त्याला दुःख म्हणता येणार नाही. कॉलर ताठ व्हायची थोडी.

यंदा भाची लष्करी परिचारिकेच्या शिक्षणासाठी अर्ज भरायला बसली. एका रविवारी दुपारी मी त्यांच्याकडेच होतो. अर्जात रकाना होता: वडील सैन्यात असल्यास सेवा संपण्याचं कारण. पेन तिथे आलं आणि थांबलं.

"काय गं, अडलीस?" मी विचारलं.

"मी नाही भरत, मामा. तिथे काय लिहू? माझ्यामुळे गेली म्हणून लिहू?"

"तुझ्यामुळे कशी गेली?"

"पंधरावा दिवस माझाच ना!"

हे तिचं नव्हतं, आमच्या आत्याबाईंचं होतं. पोरगी पाच वर्षांची असताना आत्याबाई चार माणसांत बोलून गेल्या होत्या, "हिचा पायगुणच तसा. आली आणि बापाची नोकरी घेऊन गेली." आम्ही हसण्यावारी नेलं. मुलीनं नेलं नव्हतं. चौदा वर्षं तिनं ते मनात ठेवलं होतं आणि आम्हा शहाण्यांपैकी एकाला पत्ता नव्हता. मला माझीच लाज वाटली.

भाऊजी उठले. पलंगाखालची ट्रंक ओढली, तळातून एक फाइल काढली. आदेशाची तिसरी प्रत होती, आणि तिला टाचणीनं लावलेला हातानं लिहिलेला एक कागद. साहेबांचा मसुदा. अक्षर घाईचं, पण स्वच्छ वाचता येत होतं: 'सदर कारकून पंधरा दिवस विनारजा गैरहजर. कलम नऊप्रमाणे कारवाई करावी.'

मी दोनदा वाचलं. "नऊ?"

"नऊ," भाऊजी म्हणाले.

"आणि आदेशात बारा आहे."

"पंधरा दिवसांना नऊ लागत नाही. साहेबांची चूक झाली होती. ते घाईत असायचे. मी दुरुस्त केली."

ताईच्या हातात निवडायला घेतलेली भाजी होती, ती तशीच राहिली.

"अहो, म्हणजे," ती सावकाश म्हणाली, "साहेबांनी तुम्हाला ठेवलं होतं. आणि काढलं तुम्ही?"

"काढलं असं नाही. कलम बरोबर केलं."

"स्वतःच्या आदेशात?"

"कागद कोणाचा आहे ते बघून कोणी टाइप करतं का?" असं म्हणून ते मुलीकडे वळले. त्यांचा आवाज इतका बारीक मी कधी ऐकला नव्हता. "तुझ्यामुळे काही गेलं नाही, बाळ. पंधरा दिवस मोजूनही साहेबांनी नऊच लिहिलं होतं. घोळ माझ्या हातचा आहे. सही होऊन कागद वर गेल्यावर मला कळलं, आपण काय केलं ते. मग सांगायला तोंडच राहिलं नाही."

भाची बापाकडे बघत राहिली. मग हसली, आणि हसता हसता रडायला लागली. ताईनं मात्र चार दिवस त्यांच्याशी अबोला धरला. एकोणीस वर्षं एका माणसाला शिव्या घातल्या आणि खरा गुन्हेगार समोर बसून पोळ्या खात होता, हे पचायला वेळ लागणारच.

मला वेगळाच राग आला होता. हा कागद ट्रंकेत ठेवून त्यांनी मला दोनदा मंडळापुढे तोंडघशी पाडलं होतं! आणि दुसऱ्या दिवशी कचेरीत सहीसाठी गठ्ठा आला तेव्हा माझा हात थांबला. अठरा वर्षांत पहिल्यांदा मी प्रत्येक कागद वाचला. एकही चूक सापडली नाही, ते आणखी झोंबलं.

तिसरं अपील दाखल केलं. यात पेच असा की गैरवर्तनाचा डाग पुसायला आम्हाला आधी एक गैरवर्तन सिद्ध करायचं होतं. वरिष्ठाच्या आदेशात न विचारता फेरफार, हा पंधरा दिवसांच्या गैरहजेरीपेक्षा केव्हाही मोठा गुन्हा. पण त्याबद्दल तेव्हा आरोप ठेवला नव्हता आणि आता ठेवायची मुदत टळून गेली होती. हे मला भाऊजींनीच सांगितलं, कलमासकट.

सुनावणीला तिघांचं मंडळ. मधले अध्यक्ष जाड भिंगांचे, कागद नाकाला लावून वाचणारे.

"म्हणजे तुम्ही साहेबांच्या आदेशात फेरफार केलात?"

"फेरफार नाही साहेब, दुरुस्ती."

"कोणाच्या परवानगीनं?"

"परवानगी कशाला? रोजच करत होतो."

मी डोळे मिटून घेतले. उजवीकडच्या सदस्याला खोकला आला, बराच वेळ टिकला.

मग साहेब उभे राहिले. त्यांना शोधायला मला दोन महिने लागले होते. बडतर्फीच्या आदेशावर सही केल्यावर दोनच दिवसांत त्यांची बदली झाली होती आणि पुढचं त्यांना काहीच ठाऊक नव्हतं. आता सत्तरीला टेकलेले, कानाला यंत्र, हातात काठी. त्यांनी मसुदा हातात घेतला.

"अक्षर माझंच. नऊ मी मुद्दाम लिहिलं होतं. तपासणीवाल्यांनी नाव टिपलं होतं, काहीतरी करणं भाग होतं. मुलगी झालीय हे मला कळलं होतं. एक दिवस माफ करायचा अधिकार मला होता, तो मी वापरला."

"माफीचा वेगळा शेरा लागतो," भाऊजी हळूच म्हणाले. मी त्यांच्या पायावर पाय दिला.

"पण टाइप होऊन आलेला कागद तुम्ही सही करताना वाचला नाही?" अध्यक्षांनी विचारलं.

साहेबांनी भाऊजींकडे पाहिलं. "याचा कागद मी कधीच वाचला नाही. वाचावा लागत नसे."

एवढी मोठी शाबासकी भाऊजींना आयुष्यात कोणी दिली नसेल. ती ऐकून ते खाली बसले आणि दोन्ही तळहातांत तोंड लपवलं.

बाहेर व्हरांड्यात ताई साहेबांपुढे जाऊन उभी राहिली. पदराचं टोक बोटाला गुंडाळत म्हणाली, "एकोणीस वर्षं तुम्हाला उचक्या लागल्या असतील. त्या माझ्यामुळे. माफ करा."

"मला कमी ऐकू येतं," साहेब म्हणाले. ऐकू आलं होतं. हसत होते.

निकाल पाच आठवड्यांनी घरच्या पत्त्यावर आला. भाचीचा अर्ज भरायची मुदत दुसऱ्या दिवशी संपत होती, रकाना अजून रिकामा होता. भाऊजींनी पाकीट पट्टीनं सरळ फाडलं आणि उभ्यानं वाचायला लागले. बडतर्फी रद्द. गैरवर्तनाचा शेरा काढून टाकावा. सेवा सन्मानानं संपली असं धरावं. ताईनं भिंतीला पाठ टेकली. भाचीनं पेनाचं टोपण काढलं.

भाऊजींचं बोट मात्र एका ओळीवर थांबलं होतं. कपाळावर ती आठी आली. ती आठी मी चांगली ओळखतो.

"काय झालं?" मी विचारलं.

"चूक आहे."

"कुठे?"

त्यांनी कागद माझ्यापुढे धरला. 'अर्जदाराची चौदा दिवसांची गैरहजेरी विचारात घेता...' मी पुन्हा वाचलं. चौदाच. जाड भिंगांच्या त्या म्हाताऱ्यानं चुकून लिहिलं की मुद्दाम, देव जाणे.

दुरुस्तीचा अर्ज द्यायचा तर प्रकरण परत मंडळापुढे, म्हणजे सहा महिने गेले. हे आम्हा चौघांनाही माहीत होतं. टेबलावर त्यांचा जुना टाइपरायटर होता, शेजारी कोरे कागद. भाऊजी खुर्चीवर बसले. एक कागद उचलला, कार्बन उचलला. ताईनं तोंड उघडलं, पण भाचीनं तिचा हात दाबला. त्या पोरीच्या चेहऱ्याकडे मला बघवेना.

"पंधरा होते," भाऊजी म्हणाले, कोणालाच उद्देशून नाही. "मी मोजलेत. पंधराव्या दिवशी सकाळी हिनं डोळे उघडले."

बराच वेळ ते कार्बनच्या कडा जुळवत बसले. मग कार्बन खाली ठेवला आणि कागदही ठेवला. निकालाला टाचणी लावून तो फायलीत घातला आणि फाइल मुलीच्या हातात दिली.

"असू दे. सही अध्यक्षसाहेबांची आहे," ते म्हणाले. "भर तुझा रकाना."