अडीचशेचं धूड आणि बाळारामदादा

दर मंगळवारी सकाळी अकरा वाजता आमच्या शहापूरच्या हॉस्पिटलात पेशंटना आग्रहाने आंघोळ घातली जायची. नको म्हणणाऱ्यांनाही. तिन्ही मजल्यांवरचे गिझर, एसी, पाण्याचे पंप, लिफ्ट, सगळं एकदम चालू. सिस्टर घरून साड्या आणून इस्त्री करत बसायच्या. मागच्या शेडमध्ये जनरेटर घोंघावत असे आणि समोर स्टूल टाकून बाळारामदादा त्याच्या धुराचा रंग बघत बसलेले असत.

दादा सापगावचे. घरची भातशेती भावावर सोपवून मुरबाडच्या एका कारखान्यात जनरेटर सांभाळायचे. कारखान्याला टाळं लागलं आणि ते आमच्याकडे आले. नव्वदच्या दशकातली गोष्ट. मी तिथे केसपेपर लिहायचो. हॉस्पिटल ज्यांचं होतं त्या डॉक्टरांना जनरेटर घ्यायचा होता, म्हणून दादांना घेऊन मी सगळे मजले फिरलो. त्यांनी वहीत एकूण एक दिवा, पंखा, मोटार लिहून घेतली. लिफ्ट तीनदा खाली-वर करायला लावली, कारण मोटार सुरू होताना किती जोराने ओढते ते त्यांना बघायचं होतं. दोन दिवसांनी जनरेटरच्या ताकदीचा आकडा सांगितला, सव्वाशे केव्हीए. डॉक्टर म्हणाले, अडीचशे. कल्याणच्या कुठल्याशा हॉस्पिटलात अडीचशेचा होता, एवढंच त्यामागचं शास्त्र.

"तरणा बैल गोठ्यात बांधून ठेवला का त्याला चरबी चढते, डॉक्टर," दादा म्हणाले. "इंजिनाचं तसंच हाय. काम कमी पडलं तर डिझेल पुरतं जळत नाय, काळं होऊन धुराड्यातनं गळतं."

"बाळाराम, पुढे मजले चढवायचेत," असं म्हणून डॉक्टरांनी अडीचशेचं धूड आणलंच. मजले काही चढले नाहीत. चार महिन्यांत धुराड्यातून डांबरासारखे थेंब गळू लागले, आणि डॉक्टरांनी आपली पांढरी गाडी नेमकी त्याखालीच लावली होती. दादांनी गाडीकडे बघून नुसतं "हां" म्हटलं. त्या एका "हां"पायी डॉक्टर त्यांच्याशी आठवडाभर बोलले नाहीत. मंगळवार हा त्या गळण्यावरचा उतारा होता. तासभर भरपूर ओझं दिलं की आत साठलेलं सगळं जळून जातं, असं दादांचं म्हणणं, आणि गळणं खरोखरच थांबलं.

जनरेटर रोज पाच मिनिटं नुसताच चालवून बंद करणाऱ्यांचा त्यांना भयंकर राग. "पाव्हण्याला पाटावर बसवायचं आनि न जेवता उठवायचं," असं ते त्याला म्हणायचे. दसऱ्याला कोणी चालत्या जनरेटरला हार घालायला आलं की, "पंखा तो हार आत ओढतो, मग देव जाळीत अडकतो," असं सांगून भक्ताला हाकलून लावत. हार त्यांनी स्वतः, इंजिन थंड झाल्यावर, आरामात घालावा. माणसांशी मात्र इतक्या मायेने वागताना मी त्यांना पाहिलं नाही.

पुढे डॉक्टरांनी डिझेल वाचवायचं मनावर घेतलं. मंगळवार बंद. वीज गेली तरी ऑपरेशनपुरताच जनरेटर लावायचा आणि लगेच बंद करायचा. चालू करताना बॅटरीतली जी ताकद जाते ती भरून यायलासुद्धा वेळ लागतो, असं दादांनी परोपरीने सांगितलं. डॉक्टरांनी त्यांना आपलं काम बघायला सांगितलं. मग ते मला शिकवू लागले. हे बटण, हा दांडा. दांडा ओढला की हॉस्पिटल जनरेटरवर येतं. मी जांभया देत शिकलो.

दादांना हर्निया होता. ऑपरेशन करून घ्या, असं डॉक्टर वर्षभर सांगत होते, आणि दादा वर्षभर एकच उत्तर देत होते, "आधी मंगळवार सुरू करा, मग माझं पोट उघडा."

एका दुपारी आतडं अडकलं आणि ते शेडमध्येच कळवळत खाली बसले. कल्याणला न्यायला वेळ नव्हता. आत्ता उघडलं नाही तर माणूस जाईल, असं डॉक्टरांनी स्पष्टच सांगितलं. दादांना पोटापासून खाली बधिर करायचं होतं, म्हणजे ते जागेच राहणार होते. स्ट्रेचरवरून त्यांनी माझं मनगट पकडलं. "शेडमध्ये जा. बटणापाशी उभा रहा."

अर्ध्या तासाने वीज गेली. मी बटण दाबलं. इंजिन घरघरलं आणि थकलं. पुन्हा दाबलं, दाबून धरलं, तसा आवाज खाली खाली जायला लागला. हा जनरेटर हटकून चालू करू शकेल असा हॉस्पिटलात एकच माणूस होता आणि तो पोट उघडं टाकून आत टेबलावर पडला होता. मला रडू आलं, हे सांगायची आता लाज वाटत नाही.

थिएटरची खिडकी शेडच्या अंगाला होती, त्यामुळे दादा सगळं ऐकत होते. वॉर्डातल्या मावशी धावत त्यांचा निरोप घेऊन आल्या: बटण सोड, बॅटरीला दम घेऊ दे, पन्नास मोज, मग एकदाच दाब. आणि चालू झाला तरी दादा सांगेपर्यंत दांडा ओढू नको. मी पन्नास मोजले. बटण दाबलं. इंजिन खोकलं, भपकन काळा धूर ओकलं आणि लागलं. मी दांड्यावर हात ठेवून उभा राहिलो आणि मावशी परत आत पळाल्या.

दादा त्यानंतर बारा वर्षं जगले, सापगावात घरीच गेले, आणि त्या दिवसाची गोष्ट दर वेळी नवी करून सांगत राहिले. म्हणून आत काय झालं ते मी टॉर्च धरलेल्या सिस्टरांच्या तोंडचं सांगतो. डॉक्टरांचे दोन्ही हात दादांच्या पोटात होते. इंजिन लागल्याचा आवाज येताच डॉक्टर ओरडले, लाईट टाकायला सांगा.

"थांबा," दादा म्हणाले. "बॅटरी मेलेली हाय, इंजिन थंड हाय. आता ओझं टाकलं आनि बसलं, तर परत उठायचं नाय."

डॉक्टर थांबले. त्यांना कोणाचं ऐकताना सिस्टरांनी पहिल्यांदाच पाहिलं. त्या एवढ्याशा उजेडात दोघेही इंजिनाचा आवाज ऐकत राहिले. मग डॉक्टरांनीच हळू आवाजात विचारलं, "आता टाकायला सांगू का, दादा?"

"अजून जरा," दादा म्हणाले, आणि डॉक्टरांनी हात होते तसेच धरून ठेवले.