प्राचीचा उजवा पाय

मित्रांनो, संध्याकाळपासून घरात नुसत्या येरझाऱ्या घालून राहिलो. जरा ऐका.

राइट टाउनजवळच्या एका कॉलेजातल्या मुलींना मी फुटबॉल शिकवतो. माझ्याकडे कोचचं सर्टिफिकेट नाही. पाहून-पाहून स्वतःच शिकलो. पण माझा नियम पक्का आहे. डावा पाय तयार व्हावा म्हणून सरावात बूट फक्त डाव्या पायात, उजवा अनवाणी. मग उजव्याने चेंडू मारायची हिंमतच होत नाही.

आमची प्राची होळीच्या आधीपासून अशीच खेळते आहे. आज विद्यापीठाच्या संघाचे निवडकर्ते पाहायला आले, म्हणून तिने दोन्ही बूट घातले. गोल मोकळा, चेंडू बरोबर उजव्या पायाशी. पोरीने सवयीने तो डाव्यावर घेतला आणि तेवढ्यात समोरचीने काढून नेला. एकदा नाही, दोनदा.

निवडकर्ते हसले, "कोच साहब, इसका दाहिना पैर सो रहा है क्या?"

पद्धत चूक नाही, हे मी आजही सांगेन. डावा पक्का तयार झाला की उजवा परत आणायचा. तेवढंच बाकी होतं.

निघताना प्राची म्हणाली, "काका, उद्या निवडीचा शेवटचा चान्स आहे. कोणत्या पायाने मारू? सकाळी सांगा."

उजवा म्हणावं, तर ऐनवेळी ती विचार करत थांबेल. डावा म्हणावं, तर पुन्हा आजचंच.

सकाळी ती दोन्ही बूट बांधून माझ्यासमोर उभी राहील. तुम्ही असता तर तिला काय सांगितलं असतं?