परग्रहावरचा संयम आणि कोपरीतला समाचार

कुणी गेलं की मला हसू येतं.

आनंद होतो म्हणून नव्हे हो! समाचाराला गेल्यावर सगळे गप्प बसलेले असतात, पंख्याचा तेवढा आवाज, आणि कुणीतरी घसा खाकरून "चालायचंच" म्हणतं. झालं! माझ्या पोटातून काहीतरी वर यायला लागतं. कल्याणला एका नातेवाइकांकडे तर पदर तोंडात कोंबला, तरी खांदे हलतच राहिले. "फार जीव होता वाटतं हिचा," म्हणत एका आजींनी माझ्या पाठीवरून हात फिरवला. (त्याने आणखीच हसू आलं.) तेव्हापासून अशा ठिकाणी आमचे हे मला डोंबिवलीतच ठेवून एकटे जातात.

पण ह्यांच्या शालूमावशीचे यजमान, अण्णा गेले, तेव्हा घरी राहणं शक्यच नव्हतं. ह्यांची आई लवकर गेली. कोपरीच्या दोन खोल्यांत मावशीने आणि अण्णांनीच ह्यांना लहानाचं मोठं केलं.

"हे बघ," हे म्हणाले, "बाकी ठिकाणी मी सांभाळून घेतलं. मावशीपुढे हसलीस, तर मला तिला तोंड दाखवता येणार नाही गं."

आवाज चढलेला नव्हता, म्हणून जास्त लागलं.

मदतीला धावली आमची लेक, मुक्ता. ती अंतराळातल्या मालिका बघते. सध्या चालू असलेल्या मालिकेत एक हिरवट चेहऱ्याचा टकलू परग्रहवासी आहे. यानाला आग लागो, कॅप्टन मरो, ह्याच्या चेहऱ्यावरची सुरकुती हलत नाही.

"मेल्याला भावनाच नाहीत, त्याचं काय जातंय!" मी म्हटलं.

"आई, तिथेच चुकतेस तू. त्यांना आपल्यापेक्षा जास्त भावना असतात, म्हणून तर आवरायला शिकतात ते. आतून काही उसळलं ना, की तो समोरच्या वस्तूंची नावं घेतो. ही भिंत आहे. हा दिवा आहे. बस, शांत!"

हे मला एकदम पटलं. माझ्या माहेरच्या बायकांनी जन्मभर हेच केलं, फक्त त्यांना कुणी हिरवा रंग लावला नाही. लगेच तालीम सुरू. मी पोळ्या लाटतेय, मुक्ता समोर उभी राहून वेडीवाकडी तोंडं करतेय आणि मी पुटपुटतेय, "हे लाटणं आहे. हा तवा आहे." ह्यांनी चहा मागितला, तर मी निर्विकारपणे म्हटलं, "हा कप आहे." ह्यांनी निमूटपणे स्वतःच चहा करून घेतला.

कोपरीला पोचलो. चार-पाच माणसं तोंडं पाडून बसलेली. मावशी मात्र मला बघून एकदम सावरून बसली. "आलीस? ये, अशी समोर बस." ह्यांनी माझ्याकडे असं पाहिलं, की मी तिथेच परग्रहावर गेले.

"शेवटच्या दिवशी ना," मावशी माझ्याकडेच बघत सांगू लागली, "अण्णांनी हाताने खुणा केल्या. आम्हाला वाटलं, काहीतरी शेवटचं सांगायचंय. नर्सने मास्क काढला. सगळे कान देऊन उभे. तर म्हणतात कसे, 'घरातला गीझर बंद केलात का?'"

हा पंखा आहे. हे घड्याळ आहे.

"आणि अगं, चालूच होता!"

हा फ्रीज आहे. फ्रीजवर स्टॅबिलायझर आहे. माझा चेहरा दगडाचा! ह्यांनी सुटकेचा श्वास टाकला. मी इतकी यशस्वी आयुष्यात कधीच झाले नव्हते.

मावशी थोडा वेळ माझ्याकडे बघत राहिली. मग तिचा चेहरा उतरला.

"तुलाही नाही आलं हसू?" ती हळूच म्हणाली. "रोज माणसं येतात, माना खाली घालून बसतात. अण्णांचं काही सांगावं, तर आणखी गप्प होतात. कल्याणचं तुझं कानावर आलंय माझ्या; म्हटलं, ही आली की हसेल. मग मलाही जरा हसता येईल."

मला इतकी लाज वाटली! घाईघाईने हसायला गेले, तर हसूच येईना. भिंत, पंखा, फ्रीज सगळं धूसर झालं, आणि सगळ्यांसमोर मी भोकाड पसरलं. साधंसुधं नाही, हुंदके, उचक्या, सगळं! मावशी क्षणभर चकित झाली आणि मग जी हसत सुटली, की तिलाच ठसका लागला. "अगं, आता रडतेस? गीझर बंद केलाय गं मी!" तिचं बघून हे हसले. माना खाली घालून बसलेलेही हसले. त्या खोलीत रडणारी मी एकटीच. आपल्या माणसाची आठवण काढून हसायलाही सोबत लागते, हे मला तेव्हा कळलं.

मुक्ता नंतर घरी म्हणाली, "आई, त्या टकलूचा संयम सुटेल त्या भागाचीच तर सगळे वाट बघत असतात."

निघताना चपला घालता घालता, नेहमीच्या सवयीने माझ्या तोंडून गेलं, "येते हं, मावशी!"

खोली गारठली. समाचाराहून निघताना "येते" म्हणत नाहीत, मुकाट्याने उठायचं असतं, हे पोराटोरांनाही ठाऊक असतं. ह्यांनी कपाळाला हात लावला.

मावशी दारापर्यंत आली. "ये गं. रविवारीच ये. अजून खूप सांगायचंय अण्णांचं."

समाचाराला जाऊन पुढच्या रविवारचं आमंत्रण घेऊन परतलेली आमच्या घराण्यातली मी पहिलीच!